बोनेट थंड होईपर्यंत

मेंढरं विकून अठरा दिवस झाले होते, तरी पहाट झाली की सूर्यभानचे पाय आपोआप वाडग्याकडे वळायचे. काट्यांनी वेढलेलं मेंढरांचं वाडगं रिकामं. कोपऱ्यात घरच्या दुधापुरत्या दोन शेळ्या तेवढ्या बांधलेल्या. तो उगीच काटी बाजूला करायचा, पुन्हा लावायचा आणि परत यायचा. त्याची बायको कस्तुराबाई चुलीपुढून हे बघायची.

साठ मेंढरं एका बाजारात गेली. बाप-आजाने राखलेला तो कळप होता, हौसेने कुणी विकला नव्हता. वेरूळच्या मागच्या डोंगरावरचं रान चराईला बंद झालं, आणि खालच्या शिवारात जिथं मेंढरं बसायची तिथं प्लॉटांचे दगड रोवले गेले. मेंढरांनी खायचं काय, दगड? उलट डोंगरावरच्या चार वस्त्यांवर गाई-म्हशी वाढल्या होत्या. दूध मुबलक, पण पावसाळ्याचे चार महिने ते खाली येत नव्हतं. वाट अशी की टेम्पो दुसऱ्या वळणापुढच्या अरुंद नाळेत चिखलात बसायचा. चारही चाकांनी ओढणारी डिझेल जीप असली तर मात्र बारा महिने दूध खालच्या सडकेवर पोचलं असतं. सूर्यभानने हे दोन वर्षं मनात घोळवलं आणि मग कळप विकला. पैसे कापडी पिशवीत घालून कस्तुराबाईने कमरेला बांधले ते आजतागायत सोडले नव्हते. गाडी चांगली निघाली तर घर तरणार होतं. वाईट निघाली तर मेंढरंही गेली आणि गाडीही गेली. मधलं काही नव्हतं.

जीप होती नानासाहेबांची. डोंगराच्या पायथ्याला त्यांचा साठ एकरांचा मळा. त्यांनी नवी गाडी घेतली, जुनी काढायची ठरवली, आणि सूर्यभानला निरोप धाडला. सूर्यभानचा बाप याच मळ्यात दर उन्हाळ्यात खतासाठी मेंढरं बसवायचा, सूर्यभान ट्रॅक्टर चालवायला याच मळ्यात शिकला. त्यामुळे नानासाहेब म्हणतील ती पूर्व दिशा, हे त्याच्या अंगातच मुरलेलं.

गाडी तपासायला कस्तुराबाईचा धाकटा भाऊ बद्रीनाथ येणार होता. तो बजाजनगरला राहायचा आणि वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात होता. सडपातळ, कमी बोलणारा, आणि कामात असा चिकट की जेवायला हाक मारली तरी हातातला नट पुरा बसवूनच उठणार. त्याने आठ दिवस आधीच बजावलं होतं.

"दाजी, येक करा. आपण कव्हा येतोय ते कुणाला सांगू नका. मला रातभर थंड पडलेलं इंजिन पायजे. पाणी कमी हाय का, तेलात पाणी उतरलंय का, हे समदं थंड इंजिनातच दिसतं. गरम करून ठेवलेली गाडी बघून काय उपयोग नाय."

"नाय सांगत," सूर्यभान म्हणाला.

आणि आदल्या दिवशी दूधवाल्याबरोबर निरोप पाठवून मोकळा झाला. नानासाहेबांच्या दारात न सांगता जायचं? बाप कधी गेला नव्हता, आजा कधी गेला नव्हता. याला रीत म्हणा नाहीतर गाढवपणा म्हणा, सूर्यभानच्या हातून दुसरं काही होणंच शक्य नव्हतं.

शिमगा होऊन पंधरवडा झाला होता. सकाळी आठलाच ऊन मानेवर बसत होतं. तिघं डोंगर उतरून मळ्यात पोचले, तर जीप अंगणात धुऊनपुसून उभी, नळीचं पाणी अजून चाकांवरून ओघळत होतं. नानासाहेब ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, पांढराशुभ्र सदरा, हातात अडकित्ता.

"या या. बघा, तुमच्यासाठी नटवून ठेवलीय. पहाटेच मळ्याला दोन चकरा मारून आणली मी स्वतः. अशी पळते सांगू, पाण्यासारखी."

बद्रीनाथने चपला काढल्या, जीपजवळ गेला, आणि बोनेटवर तळहात ठेवला. एका क्षणात हात मागे घेतला. मग वळून सूर्यभानकडे बघितलं. सूर्यभानने मान खाली घातली.

"गरम हाय," बद्रीनाथ म्हणाला.

"मग? गाडी चालवल्यावर थंड राहते होय रे?" नानासाहेब हसले. "चालू करून दाखवू?"

"नको. थंड झाल्यावर झाकण उघडून बघतो. मंग चालू करू."

"थंड व्हायला दुपार होईल."

"हो. चार घंटे तरी लागतील. आम्ही बसतो."

नानासाहेबांचा अडकित्ता थांबला. ते बद्रीनाथशी बोललेच नाहीत, थेट सूर्यभानकडे बघून म्हणाले, "सूर्यभान, हे काय नवीन? तुझ्या माझ्यात झाकणं उघडून बघायची वेळ आली का? मी म्हणतो गाडी चांगली आहे. माझ्या शब्दावर भरोसा नाही?"

सूर्यभानच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. "तसं कसं नानासाहेब... बद्रीनाथ, आरं राहू दे ना..." त्याला वाटलं, कस्तुराच्या कमरेची पिशवी सोडावी, पायाशी ठेवावी आणि गाडी घेऊन या डोळ्यांपुढून निघून जावं.

पण कस्तुराबाई खांबाला टेकून खाली बसलीसुद्धा होती. "घाई नाय आमाला," ती म्हणाली. "सावली हाय, पाणी हाय. बसतो की."

नानासाहेबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बसा. पण नुसतं बसून काय करता? सूर्यभान, कडब्याची गंजी राहिलीय बघ लावायची. दोन गडी आज आलेच नाहीत. तेवढी रचून टाक लेका, तुझा हात चांगला आहे गंजीला."

गाडी घ्यायला आलेला माणूस मुकाट्याने डोक्याला टॉवेल बांधून कडब्याकडे गेला. रोजाची बोली नाही, काही नाही. पेंढ्या उचलायच्या, बुडखे बाहेर करून गोल लावायच्या, वर चढून दाबायच्या. ज्वारीचं वाळकं पान मानेत शिरलं की अंगभर खाज सुटते, आणि घाम आला की तीच खाज जळायला लागते. तासाभरात त्याच्या दोन्ही दंडांवर बारीक लाल रेघा उमटल्या. वरून अंगण दिसत होतं. ओसरीवर नानासाहेबांना दुसरा चहा आला होता. त्यांच्या मंडळींनी, द्वारकाबाईंनी, कस्तुराबाईलाही हाक मारली होती.

"कस्तुरा, बसलीच आहेस तर तीन गोधड्या धुऊन दे ना. हौदावर साबण ठेवलाय."

कस्तुराबाईने पदर खोचला, गोधड्या खांद्यावर टाकल्या आणि हौदाकडे गेली. भिजलेली गोधडी उचलायची म्हणजे बाळंतिणीला उचलण्याएवढं ओझं. ती दगडावर आपटायची, साबण चोळायची, पायाखाली तुडवायची. सूर्यभानला गंजीवरून तिच्या पाठीची हालचाल दिसत होती. गोधड्यांचं त्याला काही वाटलं नाही, आयुष्यभर दोघांनी तेच केलं होतं. वाटलं ते याचं, की कमरेला साठ मेंढरांची किंमत बांधून ती दुसऱ्याच्या गोधड्या धूत होती आणि तोंडावर आठीही नव्हती. असं माणूस आपल्या वाट्याला कसं आलं, याचं त्याला त्या उन्हात नवल वाटलं.

बद्रीनाथला मात्र कुणी काम सांगितलं नाही. त्याने जीपपुढे उकिडवं बसून स्वतःचंच काम काढलं होतं. रबरी नळ्या बोटांनी दाबून बघितल्या. पंख्याचा पट्टा वाकवून बघितला. खिशातून छोटा आरसा काढून रेडिएटरच्या जाळीमागे धरला आणि बॅटरीच्या उजेडात एकेक पापुद्रा न्याहाळला. मग पाठीवर झोपून गाडीखाली गेला आणि अर्धा तास बाहेरच आला नाही. एखादा वैद्य आजाऱ्याशी न बोलता नुसता बघत बसतो, तसा. मधेच बाहेर येऊन बोनेटवर तळहात ठेवायचा. अजून कोमट. पुन्हा खाली.

सूर्य डोक्यावर आला. गंजी शेंड्याला आली. बद्रीनाथने पुन्हा हात ठेवला आणि या वेळी काढला नाही.

"दाजी, या."

सूर्यभान अंग झाडत उतरला. नानासाहेबही ओसरीवरून उठून आले, जरा पाय आपटतच. बद्रीनाथने पिशवीतून पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला, रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवून काढलं. पाणी दोन बोटं खाली होतं. त्याचा रंग मळकट, तांबूस पिवळा. त्याने कापड बोटाला गुंडाळून रेडिएटरच्या तोंडाच्या आतून फिरवलं. कापडावर तसाच पिवळट थर आला. तेलाची पट्टी ओढून उन्हात धरली. तेल काळं होतं, पण त्यात पाण्याचा पांढरेपणा नव्हता.

"तेल चांगलं हाय," तो म्हणाला. "पाण्याला गंजाचा रंग हाय. बोअरचं पाणी टाकत असाल."

"टाकतो की. सांगितलं ना, गाडीला काही झालेलं नाही." नानासाहेबांचा आवाज मोकळा झाला. "झालं समाधान? सूर्यभान, काढ आता पैसे."

सूर्यभानलाही हायसं वाटलं. बद्रीनाथ अजून तोंडात डोकावत होता, पण त्याच्याही चेहऱ्यावर ताण उरला नव्हता. कस्तुराबाई गोधड्या वाळत घालून तिथं आली होती. मडगार्डवर ठेवलेलं ते मळकं कापड तिला दिसलं. भावाचं कापड मळलं तर ते धुऊन टाकावं, यात विचार करायचा काय? हाताला साबण होताच. ती हौदाकडे जाता जाताच ते चोळायला लागली.

आणि चार पावलांवर थांबली.

"बद्री," ती म्हणाली. "हिकडं ये बरं."

तिच्या तळहातावरच्या कापडाला साबण लागला होता तिथं तिथं तो पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला होता. बाकीचा पिवळाच.

"हा गंज नाय," ती म्हणाली. "गंजाचा डाग साबणानं जात नाय, पण रंगबी बदलत नाय. ही हळद हाय."

"हळद?" सूर्यभान म्हणाला.

"नवरीची साडी धुतली नाय का कव्हा? हळदीच्या डागाला साबण लागला का असा लाल व्हतो. कुण्याबी बाईला इचारा." तिने कापड नाकाशी नेलं. "वासबी येतोय अजून."

बद्रीनाथने कापड हातात घेतलं. वास घेतला. मग आपल्याच कपाळावर हात मारला. "आक्का, मी आठ वर्षं इंजिनं बघतोय गं," तो हळूच म्हणाला. "अन् गंज म्हणून मोकळा झालो." त्या आवाजात लाज होती आणि कौतुकही होतं, आणि त्याने दोन्हीही लपवलं नाही.

"हळद कशाला असेल रेडिएटरात? काहीतरी बोलता," नानासाहेब म्हणाले.

ओसरीच्या पायरीवर द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत इथं काय चाललंय. "अहो, शिमग्याच्या आधी तुम्हीच नाही का डबा नेला स्वयंपाकघरातून? वर्षाची कांडून ठेवलेली हळद, अर्धी संपवून आणलीत. मी विचारलं तर म्हणालात गाडीला पाहिजे."

नानासाहेबांनी एकदा बायकोकडे बघितलं, आणि मग त्यांना खाकरायची गरज भासली.

"थोडी गळत होती," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? सगळेच टाकतात."

"टाकतात, व्हय," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला. "बारीक गळती बुजते. पण हळदीला काय कळतं कोणतं भोक बुजवायचं अन् कोणतं नाय? पाणी फिरायच्या नळ्या पण बुजतात. मंग मळ्यातल्या सपाटीला गाडी पळते, अन् चढाला लागली का उकळते. उकळली का कव्हा?"

"एकदा. देवगिरीच्या घाटात."

"मंग इंजिनाचं डोकं वाकलंय का ते बघायला लागंल."

त्याने झाकण उघडंच ठेवून सूर्यभानला गाडी चालू करायला लावली. चौघांची डोकी रेडिएटरच्या तोंडावर वाकली. इंजिनाच्या आत फुटलं असेल तर पाण्यात सारखे बुडबुडे येतात, बद्रीनाथ म्हणाला. एक आला. मग दुसरा. मग आलाच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाणी नुसतं हलत राहिलं.

"आतली हवा व्हती ती," बद्रीनाथ म्हणाला. "आतापर्यंत तरी इंजिन चांगलं दिसतंय. आता वझं भरून डोंगरावर चढवू. दाजीच्या वस्तीपर्यंत. तिथं खरं काय ते कळंल."

"ते जमायचं नाही." नानासाहेबांचा आवाज चढला. "हात लावून झालं, हुंगून झालं, अजून काय करायचंय? गाडी घे, पैसे दे, मग डोंगरावर ने नाहीतर कैलासावर ने. माझ्या गाडीची अशी परीक्षा मी कुणाला घेऊ देत नाही. सूर्यभान, तुला घ्यायचीय का नाही? आणि नसेल तर तसं सांग. उद्यापासून ह्या मळ्यात पाऊल टाकायचं नाही, एवढं लक्षात ठेव."

सगळे सूर्यभानकडे बघायला लागले. त्याच्या मानेवरची खाज जळत होती. तीन पिढ्यांत त्याच्या घरातून या अंगणात 'नाही' असा शब्द उच्चारला गेला नव्हता. त्याने कस्तुराबाईकडे बघितलं. ती काही सुचवत नव्हती, खुणावत नव्हती. नुसती वाट बघत होती, आणि तिला ठाऊक होतं की तो बोलेल. आपल्याविषयी कुणाला एवढी खात्री असावी, हेच त्याला पेलवेना.

"नानासाहेब," तो म्हणाला. "माझा बाप तुमच्या वडलांना मेंढे इकायचा. तुमी बघितलंय. थोरले साहेब म्हणायचे, तोंड उघड. बाप जबडा फाकून धरायचा. साहेब दात बघायचे. मंग खूर उचलायला लावायचे. मंग चारदा पळवून आणायला लावायचे, लंगडतो का म्हणून. बाप उन्हात मेंढा घिऊन पळायचा. पण माझ्या शब्दावर भरोसा नाय का, असं बाप कव्हाच म्हणला नाय. त्याचा मेंढा चांगला व्हता. त्याला भ्या कशाचं?"

बोलून झाल्यावरही त्याने नजर खाली घेतली नाही.

नानासाहेबांनी गंजीकडे बघितलं. गंजी सुरेख जमली होती, कुठंही फुगवटा नाही. "भरा," ते शेवटी म्हणाले. "कडबाच भरा. मी येतो बरोबर."

रचलेली गंजी वरून निम्मी उतरवून जीपमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये भरली. त्याच्यावर चार पोती. बद्रीनाथने स्टिअरिंग हातात घेतलं, शेजारी नानासाहेब, मागे नवरा-बायको. सपाटीला इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा जागचा हलला नाही. नानासाहेबांनी विजयाने मागे वळून बघितलं. मग चढ लागला. बद्रीनाथने दुसरा दांडा ओढून चारी चाकं जोडली, आणि गाडी मुरमातून, दगडांवरून, नांगर ओढणाऱ्या बैलासारखी मान खाली घालून चढायला लागली. ताकद होती. सूर्यभानच्या उरात भरून आलं, अशी ताकद होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. पावसाळ्यात टेम्पो जिथं बसायचे ती नाळ गेली.

तिसऱ्या वळणावर काटा उठला. निम्म्यावर आला, निम्म्याच्या पुढे गेला, आणि लाल रेघेच्या अलीकडे बोटभर असताना बद्रीनाथने गाडी थांबवली. चाकांमागे दगड लावायला सांगितले. तापलेलं इंजिन एकदम बंद करू नये म्हणून त्याने ते थोडा वेळ नुसतं चालू ठेवलं, मग बंद केलं. जाळीतून वाफेची शिट्टी आली, आणि खाली मुरमावर पिवळे थेंब पडायला लागले.

"हळद सुटली," कस्तुराबाई म्हणाली.

सूर्यभान पाणी आणायला पळणार, तोच बद्रीनाथने हात धरला. "आत्ता थंड पाणी टाकलं का चांगलं इंजिन आपणच फोडू. बसा समदे."

झाड नव्हतं, सावली नव्हती. नानासाहेब गाडीच्या पायरीवर बसले, पांढरा सदरा पाठीला चिकटलेला. सूर्यभान आणि कस्तुराबाई चढून वस्तीवर गेले आणि दोन घागरी घेऊन आले. आधी नानासाहेबांना तांब्या दिला. मग तासाभराने गाडीला पाजलं. बद्रीनाथने परत चालू केली, परत वाकून बघितलं. बुडबुडा नाही.

"दाजी," तो हात पुसत म्हणाला, "इंजिन यकदम निरोगी हाय. असं इंजिन दुसरीकडं शोधून सापडायचं नाय. रेडिएटर मेलाय. तेवढा नवा बसवला तर ही गाडी तुमच्या लेकराच्या काळापर्यंत वर चढंल."

सूर्यभान नानासाहेबांसमोर उभा राहिला. दुपारइतकं अवघड गेलं नाही आता. "नवा रेडिएटर बसवा. वझं भरून याच वाटेनं वस्तीपर्यंत आणा. मंग घेतो."

"आणि नाही बसवला तर?"

"तर आमी पैसे घिऊन वाळूजला जाऊ. तिथं लई गाड्या हायेत," कस्तुराबाई म्हणाली.

नानासाहेब स्टिअरिंगला बसले. उतारावर गाडी सावकाश घेतली त्यांनी.

नऊ दिवस काहीच कळलं नाही. त्या नऊ दिवसांत सूर्यभानला दहादा वाटलं, आपण फार बोललो. मळा तुटला, गाडीही गेली. कस्तुराबाई म्हणायची, "येतील," आणि भाकरी थापत राहायची. दहाव्या दिवशी सकाळी खालून इंजिनाचा आवाज आला. वस्तीवरची माणसं कामं टाकून कडेला येऊन उभी राहिली. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणावर आवाज जरा दाटला. मग आवाज तसाच वर येत राहिला.

नानासाहेब एकटेच होते. मागे पेंडीची दहा पोती. गाडी वाडग्यापुढे थांबवून ते खाली उतरले आणि सूर्यभानला काटा दाखवला. निम्म्याच्या खाली.

"बद्रीनाथ कुठंय?"

"त्याची पाळी हाय कारखान्यात."

"मग तपासणार कोण?"

"ही," सूर्यभान म्हणाला.

नानासाहेबांनी कस्तुराबाईकडे बघितलं. ती बोनेटवर तळहात ठेवून उभी होती, भाऊ ठेवायचा तसाच.

"गरम हाय," ती म्हणाली. "थंड हू द्या. बसा, च्या ठेवते."

सूर्यभानने घरातलं चांगलं घोंगडं आणून सावलीत अंथरलं. नानासाहेब बसले. सूर्यभान बायकोच्या कानाशी लागला, "वाडग्याची भिंत पडलीय, तेवढी रचायला सांगू का ह्यास्नी?" तिने हसू दाबून त्याला कोपराने ढकललं. चहा झाला. गुळाची दशमी झाली. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या आणि संपल्या. सावली सरकली तसं घोंगडं सरकवलं. ती मधून मधून उठून हात ठेवायची आणि परत येऊन बसायची. साठ एकरांचा धनी तिच्या हाताकडे बघत होता.

दुपार कलली तेव्हा तिने फडकं गुंडाळून झाकण फिरवलं, बद्रीने सांगितलं होतं तसं, आधी थोडं, मग पुरतं. बोट बुडवलं. पाणी नितळ. बोट हुंगलं. फडक्यावर साबण चोळून ते रेडिएटरच्या तोंडातून फिरवलं, लाल काही आलं नाही. तेलाची पट्टी ओढून उन्हात धरली. मग सूर्यभानला खूण केली, त्याने इंजिन चालू केलं, आणि ती पाण्यावर वाकून उभी राहिली. एक बुडबुडा आला. दुसरा आला. वस्तीवरची बायामाणसं तिच्यामागे दाटली होती. तिसरा आला नाही. तरी ती वाकलेलीच. पंख्याच्या वाऱ्याने तिच्या कपाळावरचे केस उडत होते, आणि सूर्यभान स्टिअरिंगमागे बसून तिच्याकडे बघत होता. कळप गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपलं काही गेलेलं नाही.

नानासाहेब कधी घोंगड्यावरून उठून उभे राहिले, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"काय म्हणता, कस्तुराबाई?" त्यांनी विचारलं.

ती सरळ झाली. हात पदराला पुसले. लुगड्याची घडी बाजूला करून कमरेची पिशवी सोडायला लागली, इतक्या दिवसांत गाठ बसली होती, दाताने सोडवावी लागली. पिशवी एका हातात धरून तिने दुसरा हात पुढे केला.

"आधी चावी द्या," ती म्हणाली.

सूर्यभानने इंजिन बंद करून चावी काढली आणि नानासाहेबांच्या हातात दिली. नानासाहेबांनी ती तिच्या तळहातावर ठेवली.